पाय, भाई आणि डांगर

असल्या गोष्टी कुणी मुद्दाम जमवत नाही हो. फिल्टरमधून कॉफीचं डिकॉक्शन टप टप पडत असतं, आपण दुसऱ्या कामाला लागलेलो असतो, आणि नंतर बघावं तर खालचं भांडं काठोकाठ! आमच्या रविवारच्या कॉफीचंही तसंच झालंय. वर्षभरात इतकं साठलंय की आता कुणाच्या तरी पेल्यात ओतायलाच हवं.

मी मूळची सोलापूरची. लग्न होऊन कुंभकोणमला आले, मेलकावेरीत राहते. सासरचे मराठीच, पण यांचे पूर्वज तंजावरच्या दरबाराच्या मागोमाग इकडे आले ते इथलेच झाले. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर तमिळ. लग्नानंतर नवऱ्यानं मला पहिला प्रश्न विचारला, "तुजला येथें करमतें का?" मी माहेरी फोन करून सांगितलं, माणूस गुणी आहे, पण बखरीतून उठून आल्यासारखा बोलतो.

रविवारी सकाळी आमच्या ओसरीवर चौघं पक्के. मी, आमचे हे म्हणजे किट्टूराव, यांची थोरली बहीण नागूअक्का आणि यांचे मामा तुकोजीराव. नागूअक्का शाळेत गणित शिकवून रिटायर झाली आणि अजून कुणाचंही उत्तर चुकलं की भुवई वर करते. मामा हेडमास्तर होते. आता शाळा नाही, म्हणून व्हॉट्सॲपवर आम्हाला शिकवतात. मला ते नावानं हाक मारत नाहीत, नुसतं 'सोलापूर' म्हणतात. "सोलापूर, साखर अंमळ कमी आहे."

तर गेल्या वर्षी आमच्या लेकीला, रंजीला, इंग्लंडातल्या एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्टची नोकरी लागली. पहिलं वर्ष कच्ची, मग पक्की. गावाचं नाव मी सांगत नाही, मामा लगेच नकाशा काढतात. पोरगी या नोकरीसाठी पुन्हा पुन्हा इंग्लिशच्या परीक्षेला बसली होती, पण तिच्याआधी मामांचे फॉरवर्ड इंग्लंडला पोचले होते. तिकडे अमुक लोकांची वस्ती वाढली, तमुक गल्लीत बायका जात नाहीत, संध्याकाळनंतर मुली दिसत नाहीत. हे रोज सकाळी ते वाचायचे आणि इडली अर्धी टाकून उठायचे.

शेवटी यांनी अट घातली. वर्षाच्या आत काही एक वावगं घडलं, तर नोकरी सोडून पहिल्या विमानानं घरी. रंजीनं मान डोलावली, कारण त्याशिवाय जाताच येणार नव्हतं. मीही गप्प बसले. खोटं कशाला सांगू, मलाही भीती वाटत होती. पण ती परत आली असती तर पोरीचं काय झालं असतं, त्याची भीती जास्त वाटत होती.

*

निघायच्या आदल्या दिवशी मामा एक घट्ट झाकणाची बाटली घेऊन आले. आत लालभडक मिळगापोडी, आपण इडलीबरोबर तेल घालून खातो ती. मामांनी ती स्वतःसमोर कुटून घेतली होती, नेहमीच्या दुप्पट मिरची घालून.

मामांचं म्हणणं असं, की तिकडे मिरचीचा स्प्रे बाळगायला बंदी आहे, पण चटणीला कोण अडवणार? कुणी अंगावर आलं की झाकण उघडायचं आणि फेकायचं. पर्समध्ये उजव्या हाताला ठेवायची. रंजीला त्यांनी झाकण उघडायची प्रॅक्टिससुद्धा करायला लावली. ओसरीवर सगळे शिंकत बसलो.

विमानतळावर बाटलीला कुणी हात लावला नाही. रंजी पोचली. पहिल्याच आठवड्यात तिचा ग्रुपवर निरोप आला: "मामा, शस्त्र संपलं. इथल्या ब्रेडला दुसरं काही लागूच होत नाही. आणखी पाठवा."

*

मामांचं एक भाषण आम्हाला पाठ आहे. बाहेरून आलेल्या लोकांवर आहे. एका रविवारी मी डांगर पचडी केली होती. उडदाचं भाजलेलं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. तंजावरच्या मराठ्यांच्या घरी ही असतेच. मामांनी दुसऱ्यांदा वाटी पुढे केली आणि सुरू झाले.

"पन्नास वर्षें जाहलीं तेथें जाऊन! तरी घरांत आपलीच भाषा. खाणें आपलेंच. सोयरीक आपल्यांतच. मिसळून राहायचें म्हणून नाहीं."

आमच्या शेजारच्या विशालाक्षी मामी फुलं द्यायला आल्या होत्या. त्या तमिळ, त्यांना मराठी कळत नाही. मामा एवढे लाल का झालेत म्हणून त्यांनी मला विचारलं. मी सगळं भाषण शब्दाला शब्द तमिळमध्ये सांगितलं, फक्त कुणाबद्दल ते सांगायचं राहून गेलं.

मामींनी शांतपणे ऐकलं. मग मामांना म्हणाल्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका, तुम्ही तसे असलात तरी आमचेच आहात. मामांना त्यातलं शेवटचं तेवढं ऐकू गेलं. भलतेच खूश झाले. जाताना रंजीसाठी एक स्थळ आहे म्हणाले, मुलगा तंजावरचा, आपल्यातलाच.

*

आता नागूअक्काचं. मामांनी त्या दिवशी एक व्हिडिओ आणला होता. परदेशातल्या कुठल्याशा स्टेशनवर एका मुलीला एक माणूस त्रास देतो असा. कुठलं स्टेशन, कधीचं, काही पत्ता नाही. मामा म्हणाले, आपल्याकडे बायकांना असली भीती कधी नव्हती.

अक्कानं कॉफीचा पेला खाली ठेवला. पदराच्या टोकाला हात घातला आणि एक सेफ्टीपिन काढून मामांसमोर टेबलावर ठेवली. चांगली जाडजूड, मोठ्या नंबरची.

"मामा, ही कशास म्हणून ठेवतें, सांगा पाहूं."

मामा म्हणाले, निऱ्या सुटू नयेत म्हणून असेल. अक्का म्हणाली, निऱ्यांची वेगळी आहे. ही कुंभकोणम्-तंजावर बसची. नोकरीला लागले तेव्हापासून हातात धरून उभी राहायची. मागचा माणूस जास्त जवळ आला की टोचायची. त्यातल्या बऱ्याच जणांच्या कपाळाला गंध असायचं, आणि एकाच्या हातात तर तिरुनागेश्वरम्‌च्या देवळातला प्रसाद होता.

मी माझ्या पर्समधून माझी काढली. सोलापूर-पुणे गाडीची. तेवढ्यात विशालाक्षी मामी डोकावल्या, दोन पिना बघितल्या, आणि काय चाललंय ते न विचारताच आपली तिसरी आणून ठेवली.

मामा बराच वेळ त्या तीन पिनांकडे बघत होते. त्यांची बायको जाऊन बरीच वर्षं झाली. अगदी हळू आवाजात म्हणाले, "ती पण ठेवीत असे. मज वाटलें, शिवणाची." त्या रविवारी मग त्यांनी दुसरा व्हिडिओ दाखवला नाही. आणि अक्का म्हणाली ते मला अजून आठवतं. वाईट माणसं तिकडेही असणार, रंजीनं डोळे उघडे ठेवायलाच हवेत; पण कुणाकडे बघायचं हे तिला फॉरवर्डमधून कळायचं नाही.

*

याच मामांचा जिवलग मित्र कोण, तर छत्र्या दुरुस्त करणारे सलीमभाई. तमिळमध्ये मुसलमान माणसाला आदरानं 'भाई' म्हणतात. पण इकडच्या जिभेवर भ टिकत नाही, त्यामुळे त्याचा 'बाय' होतो. सलीमभाई म्हणजे सगळ्या गावाचे छत्री-बाय. मामा रोज संध्याकाळी त्यांच्या दुकानातल्या स्टुलावर बसतात. पावसाळा असो नसो.

मी एकदा छत्री घेऊन गेले, तर मामा चक्क त्यांना फॉरवर्ड वाचून दाखवत होते! मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. सलीमभाई मान खाली घालून तार वळवत ऐकत होते. वाचून झाल्यावर त्यांनी आपला फोन काढला. त्यांची भाची पण तिकडेच, औषधांच्या दुकानात नोकरीला. त्यांच्याकडचा फॉरवर्ड असा, की तिकडचे लोक बसमध्ये मुलींच्या डोक्यावरचे रुमाल ओढतात.

मामांनी तो वाचला आणि त्यांचा चेहरा पडला. मग दोघांनी मिळून ठरवलं की पोरींना पाठवलं हीच चूक झाली. मामांनी त्यांना चहा पाजला, त्यांनी मामांना धीर दिला. मी विचारलं, मामा, तुम्ही यांच्याच लोकांना घाबरता ना? तर मामा माझ्यावरच रागावले.

"हे बाय वेगळे, सोलापूर!"

आणि सलीमभाई म्हणाले की त्यांनी घरी तसंच सांगितलंय. सगळे शेजारी घाबरवतात, पण आमचे हेडमास्तर वेगळे.

*

थंडीच्या सुरुवातीला रंजीच्या गावात मोर्चा निघाला. बाहेरून आलेल्यांना हाकला, आमच्या बायकांना सुरक्षित ठेवा, अशा पाट्या. हॉस्पिटलनं सगळ्यांना लवकर घरी सोडलं. रंजी आणि तिच्याबरोबर काम करणारी समीरा चालत निघाल्या. समीरा डोक्याला रुमाल बांधते. जन्म तिथलाच, आईबाप कराचीचे.

वाटेत चार-पाच जणांनी त्यांना बघितलं आणि ओरडायला लागले, घरी जा, घरी जा. रंजी मान खाली घालून झपझप चालायला लागली. समीरानं मात्र थांबून त्यांना सांगितलं, जातेच आहे, त्या लाल दाराच्या पलीकडचं माझंच घर. आणि रंजीकडे बोट दाखवून म्हणाली, हिची बस तुमच्यामुळे बंद आहे, नाहीतर हीसुद्धा केव्हाच गेली असती. त्यातल्या एकाला बिचाऱ्याला खरंच वाईट वाटलं. दुसरी बस कुठून मिळेल ते त्यानं हात करून दाखवलं.

रंजीनं हे मला हसत हसत सांगितलं. मी हसले, आणि फोन ठेवून देवघरात जाऊन रडले. यांना सांगायचं नाही असं आमचं ठरलं होतं. 'वावगं' घडलं की तिकीट, हे दोघींना ठाऊक होतं. पण मामांना मोर्चाची बातमी लागलीच. ते उलट खूश झाले. बघा, म्हणाले, बायकांच्या रक्षणासाठी लोक रस्त्यावर आले, हे आपल्या बाजूचे लोक. तेव्हा माझ्या तोंडून निघून गेलं, की मामा, तुमच्या बाजूच्या लोकांनी रंजीलाच घरी जा म्हणून सांगितलं.

 यांनी माझ्याकडे बघितलं, मग मामांकडे. मामांनी खूप विचार केला.

"अंधार पडला असेल," ते म्हणाले. "नीट दिसलें नसेल त्यांस."

त्या अंधारानं पोरीची नोकरी वाचवली. हे म्हणाले, ओरडले, हात नाही लावला, हे वावगं धरत नाही. पण यापुढे काही झालं तर माझ्याशी वाद घालायचा नाही.

*

आता पुढचं कळायला एक गोष्ट सांगायला हवी. यांच्या घरातले लोक शिकले तमिळ शाळेत. मराठी बोलतात, पण देवनागरी वाचता येत नाही. म्हणून आमच्या ग्रुपवर मराठी चालते ती तमिळ अक्षरांत. मीही ती इथे येऊन शिकले. आणि तमिळ लिपीत प, फ, ब, भ या चौघांना मिळून एकच अक्षर! तेव्हा 'பாய்' असं लिहिलं, की तो आपला पाय असू शकतो, नाहीतर सलीमभाईंसारखा भाई. नुसतं तमिळ म्हणून वाचलं तर चटई.

तिकडे बर्फ पडायला लागलं. रंजीचा डावा पाय लहानपणी मुरगळलेला, तो अजून दगा देतो. यांना रात्रंदिवस त्या पायाची काळजी. यांनी ग्रुपवर लिहिलं: "பாய் सांभाळ."

मामांनी लगेच टाळ्यांची चित्रं पाठवली. रंजी मात्र चिडली. सगळा दिवस तिच्या मदतीला समीरा आणि समीराचा भाऊ, आणि तिचे अप्पा हे असलं लिहितात? तिनं विचारलं, "कोणता?"

यांनी लिहिलं, "दोन्ही. डावा जास्त."

रंजी बुचकळ्यात पडली. मामा नाही पडले. त्यांनी ग्रुपवर सगळ्यांना समजावून सांगितलं, की डावा भाई म्हणजे कम्युनिस्ट.

हा घोळ निस्तरेपर्यंत नागूअक्का हसून हसून आडवी झाली. विशालाक्षी मामींनी माझ्या खांद्यावरून ते वाचलं आणि विचारलं, एवढ्या लांब जाऊन पोरीला चटया कशाला लागतात?

*

पण हसू फार दिवस टिकलं नाही. एका दुपारी रंजीचा निरोप आला: "பாய் धरलाय. सोडत नाही." आणि फोन बंद.

मी स्वयंपाकघरात होते. हे ओसरीवरून आत आले ते भिंतीला धरून. फोन माझ्यापुढे धरला. मी वाचलं आणि मलाही पाय दिसला नाही. खरंच सांगते, भाईच दिसला; घाईत 'नं' लिहायचा राहिला असेल असं वाटलं. इतके महिने मामांना हसत होते, आणि माझ्याच डोळ्यांनी तेच वाचलं. आम्ही फोन लावतोय, लागत नाही. मामा आले, अक्का आली. मामांच्या मागोमाग सलीमभाईसुद्धा आले आणि दारात उभे राहून भाचीला फोन लावायला लागले, ती रंजीच्या जवळच्या गावात असते म्हणून.

थोड्या वेळानं रंजीचा फोन आला. दिवसभर पेशंटना उभं करून, चालवून तिच्या पोटरीत गोळा आला होता. पाय धरला होता. बसस्टॉपवर बसून चोळत होती, तेवढ्यात बॅटरी संपली.

 हे खुर्चीवर बसले आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. मग रंजीला म्हणाले, "हें एक मी गिळलें. आणखी एकदां माझा जीव असा गेला, तर मी कारण विचारणार नाहीं. यायचें." रंजी हो म्हणाली. वर्ष भरायला थोडेच दिवस राहिले होते.

*

मामा हेडमास्तर ते उगाच नाही. पुढच्या रविवारी त्यांनी योजना मांडली. लिहायचं बंद. एकटीनं कुठे जायचं झालं तर फोन लावून बोलत राहायचं, मराठीत. आपली मराठी तिकडे कुणाला कळणार? कुंभकोणमच्या बाजारात नाही का आपण भाजीवाल्यासमोर खुशाल भावाचं बोलतो! आणि खरंच संकट असेल तर एक खुणेचा शब्द. मामांनी शब्द निवडला, डांगर.

का डांगर, असं अक्कानं विचारलं. मामांनी कागदावर इंग्लिशमध्ये लिहून दाखवलं. एक ई सोडली तर डांगर आणि डेंजर एकच! म्हणजे शब्द आपला, अर्थ त्यांचा, आणि ऐकणाऱ्याला वाटणार पचडी.

मग तो रविवार आला. आमच्याकडे दुपारचे बारा, तिकडे अजून उजाडलेलं नाही. रंजीची सकाळची ड्यूटी. बर्फामुळे बस आली नाही म्हणून ती टॅक्सीत बसली आणि ठरल्याप्रमाणे फोन लावला. मी फोन स्पीकरवर टाकून ओसरीच्या टेबलावर ठेवला. चौघंही वाकून ऐकत होतो.

रंजी एका सुरात सांगत होती. ड्रायव्हर वयस्क आहे. दाढी पांढरी, छातीपर्यंत. डोक्याला जाळीची टोपी. बोलत नाही. पहिला चौक गेला. दुसरा गेला. मग तिचा आवाज बदलला. नेहमीचा रस्ता सोडून गाडी दुसरीकडे वळवलीय. इथे दिवे नाहीत. हा रस्ता मला माहीत नाही.

आणि मग अगदी सहज विचारल्यासारखं तिनं विचारलं, "आई, आज डांगर केलंयस का?"

मामा उठले, त्यांचा पेला खाली पडला. यांनी स्वतःचा फोन हातात घेतला. मी बाजूलाच होते, मला दिसत होतं. ग्रुपवर लिहीत होते: "परत ये."

तेवढ्यात फोनमधून एका पुरुषाचा आवाज आला. जाड, खोकल्यातून निघालेला.

"डांगर दह्यातला करतां का ताकातला गो, बाय?"

यांचं बोट तसंच अक्षरावर राहिलं.

तो माणूसच पुढे बोलत राहिला. त्याची आई ताकातलं करायची, कांदा घालून. ती गेल्यापासून डांगर हा शब्द त्यानं ऐकला नव्हता. पुढचा रस्ता बर्फानं बंद म्हणून त्यानं गाडी इकडून घातली; आधी सांगायला हवं होतं, चुकलंच, पण पोरगी फोनवर बोलत होती म्हणून मध्ये तोंड घातलं नाही. आता हॉस्पिटल आलंच, तो दिवा दिसतो तेच.

"आँ! हा तर हिलाच बाय म्हणतो," मामा पुटपुटले. मी त्यांना सांगितलं, मामा, कोकणात लेकीला बाय म्हणतात.

रंजीनं तिकडून फोन स्पीकरवर टाकला, तसे हे फोनवर वाकले.

"आपण कोठील?"

तो म्हणाला, दापोलीकडचा. बाप बोटीवर होता, तो इकडे उतरला. मग त्यानंच विचारलं, साहेब, तुम्ही कुठले? असली मराठी आमच्या पणजोबाची असेल. यांनी कुंभकोणम् सांगितलं. ते कुठं आलं? तमिळनाडूत. तिथं कधी गेलात?

"तीनशें वर्षें जाहलीं," हे म्हणाले.

फोनमध्ये वायपरचा आवाज येत होता.

"तीनशे!" तो म्हणाला. "आणि घरात अजून आपलीच भाषा?"

मामांनी पडलेला पेला उचलला आणि त्याच्या आत बघत बसले.

गाडी थांबल्याचं ऐकू आलं. दार उघडलं. तो रंजीला सांगत होता, सावकाश उतर, खाली बर्फ आहे, पाय सांभाळ गो. मग रंजीची पावलं, मग हॉस्पिटलचं सरकतं दार, आणि ती म्हणाली, पोचले, ठेवते. तिच्या आवाजात रडू होतं की हसू, ते मला अजून कळलेलं नाही.

यांचा फोन अजून हातातच होता. 'परत ये' तसंच होतं, पाठवायचं राहिलेलं. एकेक अक्षर पुसलं. मग काहीतरी लिहिलं आणि पाठवलं. आमच्या तिघांचे फोन एकदम वाजले.

"பாய் सांभाळ."

अक्कानं वाचलं आणि म्हणाली, बरोबर आहे, पाय. मामांनी चष्मा लावून पुन्हा पुन्हा वाचलं आणि म्हणाले, नाही, भाई. पण तेव्हाचा तो नव्हे. मी यांनाच विचारलं, अहो, नक्की काय लिहिलंय?

"वाचतां येतें ना? वाच," हे म्हणाले, आणि इडली मागितली.

एवढ्यात रंजीचं उत्तर आलं. एकच शब्द होता.

"दोन्ही."